सहावा पाय

"किडे संपत चाललेत आणि तुम्ही त्यांची चित्रं काढताय! घराला आग लागलीय आणि हे दारात रांगोळी घालतायत." मास्तर काल कट्ट्यावर आले ते तापलेलेच.

आमचा चित्रकार मांडीवर वही घेऊन गप्प बसला होता. उसळली ती ताई. "आणि तुमच्या आकड्यांनी काय दिवे लावले?"

मास्तरांकडे आकडा तयारच होता. जर्मनीत क्रेफेल्डच्या हौशी कीटक-अभ्यासकांनी 63 संरक्षित जागांवर सापळे लावले. 27 वर्षांत उडणाऱ्या किड्यांचं वजन 76 टक्क्यांनी घटलं. 2017 साली हे छापून आलं. "यापुढे चित्र काय वेगळं सांगणार?"

"वजन म्हणालात ना?" ताईने नेमकं पकडलं. "तराजूला माशी काय नि चतुर काय, सारखंच. गेलं कोण, हे त्या 76 मध्ये दिसतं का?"

मला हे पटलं. त्या आकड्यानेच जगाला हलवलं, हे खरंच. पण आकड्याला मिशा नसतात, पाय नसतात. लेव्हन बिस हा छायाचित्रकार एकेका किड्याचे 8,000 हून जास्त फोटो काढून ते जोडतो. नखाएवढा भुंगेरा भिंतीएवढा होतो, पाठीवरचा खळगा न् खळगा दिसतो. मी मोबाइलवरच पाहिलं, तरी पुढच्या चित्राकडे जायला बोट धजेना.

"तुझे डोळे निवले. किड्याच्या पदरात काय पडलं?" अण्णांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

तेव्हा चित्रकार बोलला. अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग या कलावतीने कलाकृती म्हणून चक्क बागच लावली. कुठलं रोप कुठे, हे संगणक ठरवतो. कसोटी एकच, परागीभवन करणाऱ्या जास्तीत जास्त जातींची सोय. माणसाला ती बाग आवडो न आवडो. अण्णा लगेच खूश.

मास्तर हटेनात. "ती बाग झाली. चित्राचं बोल."

मग कॉर्नेलिया हेस्से-होनेगर निघाली. ही स्विस बाई, विद्यापीठात शास्त्रीय चित्रं काढायची. चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला, त्याचा किरणोत्सर्ग स्वीडनपर्यंत पोचला. त्यानंतर 1987 मध्ये ती स्वीडनला गेली, पानांवरचे ढेकणाच्या कुळातले किडे गोळा केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसले तसे रंगवले. वाकडे पंख, बिघडलेल्या मिशा. याचं कारण किरणोत्सर्ग, हे तिचं म्हणणं अनेक शास्त्रज्ञांनी मानलं नाही. तो वाद राहू दे. पण तो वाकडा पंख तिने चित्रात सरळ केला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

एवढ्यात दिव्याखालचा एक तपकिरी किडा वहीवर येऊन बसला. चित्रकाराने पेन्सिल उचलली. आम्ही वाकून बघू लागलो. डाव्या बाजूला पाय दोनच.

"सहावा लावून टाक की," अण्णा म्हणाले. "कोण मोजतंय?"

"नाहीये तो," म्हणत चित्रकार मिशांकडे वळला.

मास्तरांनी खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि वहीवर धरून उभे राहिले.