बॅनर, पंचहौदचा चहा आणि रमाबाई

बंड्यानं मोबाइल पुढे सरकवला आणि तिथून पेटलं. फोटो शिधावाटपाचा. नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरलं की दुसऱ्या दिवशी असले फोटो उगवतातच: तांदूळ, डाळ, तेलाची पिशवी, आणि त्यावर तांदळापेक्षा मोठा एक हसरा चेहरा. बंड्या म्हणाला, "सॅमी, तुमचं बरंय राव. तुमची माणसं गुपचूप करतात. सेवा करावी तर मिशनऱ्यांसारखी."

"कोण म्हणतं गुपचूप?" सॅमीनं बशीत चहा ओतला. "२०२४च्या जुलैत एकतानगरीत पाणी शिरलं ना, तेव्हा आमच्या तरुण संघानं डबे वाटले. बॅनर चांगला आठ बाय चारचा होता. मीच छापून आणला."

सगळे हसले, मास्तर सोडून. मास्तर इतिहास शिकवून निवृत्त झाले, पण शिकवायचे काही थांबले नाहीत. म्हणाले, "बॅनर परवडला. बॅनरवाल्याला पाच वर्षांनी एक मत पाहिजे असतं. मिशनऱ्याला अख्खा माणूस पाहिजे असायचा. दुष्काळात भाकरी दाखवायची आणि जवळ ओढायचं. ह्याला सेवा म्हणत नाहीत."

आमचा कट्टा पुण्यात गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनच्या चर्चच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे हा विषय इथं वर्षातून चार-दोनदा निघतोच, आणि दर वेळी कोणीतरी चहावरून मास्तरांना डिवचतं. या वेळी तो मान माझा. म्हटलं, "मास्तर, ज्या गावानं मिशनचा चहा प्याला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचा खटला, आणलं, त्या गावानं मिशनऱ्यांच्या हेतूवर बोलावं का?" १८९० सालची गोष्ट. ह्याच पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या पुढाऱ्यांपुढे चहा-बिस्किटं आली, डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी नावानिशी यादी छापून आणली, आणि मग प्रायश्चित्ताचा तो सगळा गोंधळ.

"विषय बदलू नकोस," मास्तर म्हणाले. "चहात धर्म बुडतो असं मी म्हणत नाही. उपाशी माणसाची निवड ही निवड नसते, एवढंच म्हणतोय."

मुद्दा बिनतोड होता. सॅमीला तो झोंबेल असं वाटलं होतं, कारण त्याचं घराणं मूळचं नगरकडचं, १८७६-७८च्या मोठ्या दुष्काळानंतर मिशनमध्ये गेलेल्यांपैकी. पण तो शांतपणे म्हणाला, "असेल. माझा खापरपणजा पोटासाठीच गेला असेल. गावकुसाबाहेरचा माणूस, त्यात पाऊस नाही. तो काय ग्रंथ वाचून गेला असेल? पण मास्तर, पुढे पाऊस पडला की. पोट भरल्यावर तो परत का नाही आला?"

"परत यायचं कुठं? गावकुसाबाहेरच ना?" बंड्या बोलून गेला. बंड्या कधीकधी असं बोलतो आणि आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच कळत नाही.

सॅमीनं तेवढ्यावर सोडलं नाही. "आणि आजचं बघा. १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंना. पुढे १९५६ला शिखांना, १९९०ला बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलिताला अजून नाहीत. म्हणजे माझ्या बापानं, मी, माझ्या पोरीनं दर पिढीला फॉर्म भरताना तोटा पत्करला. पोटासाठीच राहायचं असतं तर कधीच रामराम ठोकला असता. आमच्यात जात नाही असंही म्हणत नाही हं. लग्न जमवताना बघा कशी सगळ्यांना आठवते."

मास्तर गप्प झाले, पण ते दम घेण्यापुरतं. त्यांनी मग हुकमाचं पान काढलं: शारदा सदन.

हे प्रकरण पुण्याला नीट आठवत नाही. आठवतं ते सोयीपुरतं. पंडिता रमाबाईंनी १८८९ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. धर्मशिक्षण देणार नाही, असा शब्द दिलेला होता; रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात होते. मग काही मुली बाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात अशी बोंब झाली, केसरीनं झोड उठवली आणि १८९३मध्ये दोघेही सल्लागार बाहेर पडले. "रानडे काही सनातनी नव्हते," मास्तर म्हणाले. "आयुष्यभर ते सुधारकच होते. त्यांनाही हे पटलं नाही. सोळा वर्षांची केशवपन केलेली मुलगी, माहेर तुटलेलं, सासर तुटलेलं. डोक्यावरचं छप्पर ज्या बाईचं, तिनं खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना केली की ती मुलगी आत जाणारच. बाई म्हणायच्या, मी कुणाला बोलावत नाही, कुणाला अडवतही नाही. पण उघडं दार म्हणजेही बोलावणंच झालं ना?"

यावर वहिनी बोलल्या. वहिनी मिरजेला, वानलेस साहेबांनी १८९४ला सुरू केलेल्या मिशन इस्पितळात नर्सिंग शिकल्या आणि नंतर हयातभर वॉर्डात उभ्या राहिल्या. कट्ट्यावर बसत नाहीत, भाजी घेऊन परतताना उभ्या-उभ्या ऐकतात आणि मधेच एखादं वाक्य टाकतात. त्या मास्तरांच्याच बाजूनं बोलल्या, हे मला नवीन होतं. "मास्तर खरं सांगतायत. पलंगावरचा माणूस कशालाही हात जोडतो. एका ठिकाणी आमच्या सिस्टरांनी गणपती ठेवला होता, तर बुरखेवाल्या बायकासुद्धा त्याला नमस्कार करायच्या. श्रद्धा कसली? त्यांना बेडपॅन वेळेवर पाहिजे असायचा. ज्याच्या हातात बेडपॅन, त्यानं स्वतःच्या देवाबद्दल दोन शब्द कमीच बोलावेत."

"मग झालं तर!" मास्तर खूश.

"झालं नाही," वहिनी म्हणाल्या. "बेडपॅन कोण देणार, ते राहिलंच."

इथं चर्चेनं वळण घेतलं. मला स्वतःला जे म्हणायचं होतं ते इथंच सुचलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१८९७ साल घ्या. एकच गाव, एकच प्लेग. त्याच्या मागेपुढे मध्य प्रांतात दुष्काळ. रमाबाई स्वतः तिकडे जाऊन उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढी माणसं ठेवता येईनात, म्हणून त्यांना दौंडच्या अलीकडे केडगावला हलवलं. तिथं बाईंनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तंबू-झोपड्यांत सुरुवात झाली, त्याचंच पुढे मुक्ती मिशन झालं. शेती, गाई, विणकाम, छापखाना, आणि ही सगळी कामं बायकाच करायच्या. इकडे पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे सोजीर घरात घुसून झडत्या घेत होते. सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यासाठी रोगी गोळा करत होत्या. मुंढव्याचा एक आजारी मुलगा पाठीवर घेऊन आल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला गेल्या. २२ जूनला चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली.

आता मला ह्यात आवडतं ते रमाबाईंचं एक पत्र. प्लेगच्या इस्पितळांत आणि छावण्यांत बायकांची कशी हेळसांड होते, आपल्याकडच्या एका मुलीच्या वाट्याला काय आलं, हे त्यांनी मुंबईच्या ख्रिस्ती इंग्रजी साप्ताहिकात जाहीर लिहिलं. सरकार ख्रिस्ती, साप्ताहिक ख्रिस्ती, बाई ख्रिस्ती. गप्प बसणं केवढं सोयीचं होतं! ज्या केसरीनं चार वर्षांपूर्वी त्यांना सोललं, त्या केसरीचा तेव्हाचा राग आणि ह्या पत्रातला राग एकाच सरकारवरचा होता.

हे मी कट्ट्यावर सांगितलं, तेव्हा सॅमी म्हणाला, "आणि विलायतेतलं सांग की."

तेही सांगितलं. १८८३ला इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या सिस्टरांच्या आधारानं त्या राहत होत्या, त्यांच्याशीच बाई वर्षानुवर्षं वाद घालत होत्या. भटांचं जोखड महाप्रयासानं मानेवरून काढलंय, आता दुसऱ्या कुठल्या पुरोहितांचं घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी तिकडे स्पष्ट लिहून कळवलं. मांसाला शिवल्या नाहीत. एवढं सगळं होऊन ह्या बाईला कोणी 'नम्र सेविका' म्हणतं तेव्हा मला हसू येतं. पुण्यापुढे नम्र नाही, सरकारपुढे नाही, चर्चपुढेही नाही. मग नम्र कुणापुढे? तर केडगावला ज्यांच्या डोक्यात उवा आणि अंगावर खरूज होती, त्या पोरींपुढे. आपल्याकडे बहुतेकांचं उलटं असतं. साहेबापुढे वाकायचं आणि रांगेत उभ्या असलेल्या बाईला शिध्याची पिशवी देताना "इकडे बघा, कॅमेऱ्याकडे" म्हणून दरडावायचं.

"पण मग सावित्रीबाईंना कुठं बसवतोस?" मास्तरांनी बरोबर पकडलं. "त्यांना कुठे येशू लागला? सत्यशोधकी होत्या."

"शिकल्या कुठे?" सॅमी.

"नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे. मिशनऱ्यांकडेच. माहितीये मला, मीच शिकवलंय तुला," मास्तर म्हणाले. "शिकल्या, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत. जोतीरावही स्कॉटिश मिशनच्या शाळेतले, तेही नाही झाले. माझं तेच म्हणणं आहे. घ्यावं ते घ्यावं आणि आपल्या पायावर उभं राहावं. कर्व्यांनी काय केलं? त्यांची दुसरी बायको, गोदूबाई, शारदा सदनातलीच विधवा विद्यार्थिनी. १८९३लाच लग्न केलं. आणि १८९६ला स्वतःचा आश्रम काढला, पुढे हिंगण्याला नेला. धर्मांतराचा प्रश्नच ठेवला नाही."

"म्हणजे रमाबाईंनी शिकवलेली मुलगी घरात आली, मग आश्रम सुचला," वहिनी म्हणाल्या. मास्तरांनी मान हलवली. होकार की नकार ते कळलं नाही.

माझं मत मास्तरांच्या बरंच जवळचं आहे, हेही नोंदवतो. ज्याचं पोट आपल्या हातात आहे त्याच्यापुढे आपली श्रद्धा मांडताना दहादा विचार करावा, मग ती येशूवरची असो की दत्तगुरूंवरची. पण मास्तरांची एक खोड मला पटत नाही. हेतू शुद्ध नाही असं ठरलं की ते काम हिशेबातूनच काढून टाकतात. केडगावला जगलेल्या मुलीला हेतू विचारला असता तर ती काय म्हणाली असती, हे त्यांच्या युक्तिवादात कुठेच येत नाही. त्या मुलीही निव्वळ देणाऱ्यांच्या पुण्याचा हिशेब मांडायला जन्मल्या नव्हत्या. पुढे त्यांतल्या कित्येकींनी छपाईचे खिळे जुळवले.

बंड्याला एवढा वेळ गप्प बसवत नव्हतं. त्यानं सॅमीला विचारलं, "ते पाय धुण्याचं काय असतं तुमच्यात?"

"गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी. येशूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. गुलामाचं काम होतं ते. पेत्र तर नकोच म्हणत होता. त्याची आठवण म्हणून पाळक बारा जणांचे पाय धुतात." सॅमी थांबला, मग हसायला लागला. "बाबा एकदा त्या बारांत होते. आईनं आदल्या दिवशी त्यांच्या टाचा दगडानं घासून काढल्या. बाराच्या बारा जण घरून पाय धुऊन आलेले! पाळकांना धुवायला काही शिल्लकच नाही."

हा किस्सा मला अजून पुरलाय. मळ दाखवायची लाज ही सेवा करणाऱ्याच्या अहंकाराइतकीच मोठी अडचण असते. वहिनींनी तोच धागा उचलला, पण त्यांच्या पद्धतीनं. भाजीची पिशवी कट्ट्यावर ठेवली, ओढणीची घडी घातली आणि पेशंट पलंगावर असताना चादर कशी बदलायची ते दाखवायला लागल्या. आधी त्याला एका कुशीवर घ्यायचं. मळकी चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, तिच्या मागोमाग कोरी पसरायची. मग त्या गुंडाळीवरून त्याला दुसऱ्या कुशीवर वळवायचं आणि पलीकडून मळकी ओढून घ्यायची. कोरी ताणून बसवायची. एक सुरकुती राहिली तरी कातडी सोलवटते. दर दोन तासांनी कूस बदलायची. "नाही बदलली तर माकडहाडावर आधी लाल चट्टा, मग जखम, मग हाड दिसतं. अन् हे सगळं करताना त्याच्याशी त्याच्या क्रिकेटबद्दल बोलत राहायचं, नाहीतर त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

मग त्यांनी खरं काम काढलं. वाड्यातल्या वरच्या मजल्यावर अर्धांगानं पडलेले आजोबा आहेत. त्यांची ब्यूरोची मावशी गावाला गेलीय. मुलगी एकटी आहे आणि एकटीला त्यांची कूस बदलवत नाही. सकाळी साडेसहाला दुसरे दोन हात पाहिजेत, मावशी येईपर्यंत.

मी पायाकडे बघायला लागलो. सॅमी म्हणाला, "वहिनी, माझी कंबर धरलीय, खरंच. विचारा हिला." त्याची ही कोथरूडला होती.

"येतो मी," मास्तर म्हणाले. "पण तिथं प्रार्थना-बिर्थना चालणार नाही."

"ते आजोबा वारकरी आहेत. हरिपाठ म्हणतात."

"तो चालेल."

"का? तो का चालेल?" सॅमी ताडकन उठला. कंबर धरलेला माणूस इतक्या चपळाईनं उठलेला मी तरी पाहिला नव्हता. वहिनींनीही पाहिलं. "मग सॅमी, तूही ये साडेसहाला. बंड्या, तू आठची पाळी घे," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली.