नागपूरच्या पेपरातली मॉन्टगोमेरीची बातमी

डिसेंबर १९५५. आपल्या हिस्लॉप कॉलेजात पोरांना खेळ शिकवणारा सत्तावीस वर्षांचा एक अमेरिकन मिशनरी नागपूरचा पेपर वाचत बसला होता. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी नावाच्या गावात कृष्णवर्णीयांनी शहर बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्याने वाचली आणि गडी टाळ्या पिटत ओरडायलाच लागला. जेम्स लॉसन. स्वतःही कृष्णवर्णीय. पुढे आयुष्यभर तो हा किस्सा सांगायचा.

मी हिस्लॉपचाच विद्यार्थी, आणि हे मला कळलं साठी उलटल्यावर, यूट्यूबवर त्यांची मुलाखत ऐकताना. जून २०२४ मध्ये ते ९५व्या वर्षी गेले. तेव्हापासून लिहायचं होतं.

दर २ ऑक्टोबरला एक फॉरवर्ड येतो की अमेरिकेला अहिंसा आपण शिकवली. बाप्पा, थोडं थांबा. नागपुरात पाय ठेवण्याआधीच या माणसाने सैन्यभरतीला नकार देऊन तेरा महिने तुरुंग भोगला होता. गांधी त्याने कॉलेजातच वाचले होते. इथे तो ती पद्धत जवळून बघायला आला. १९५६ साली परतला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला याच शहरात बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. आम्हा नागपूरकरांना ही एक तारीख पाठ असते, त्या वर्षातलं बाकी काही नाही.

लॉसन यांच्या आठवणींत भाषणं कमी आणि तालीम जास्त, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नॅशव्हिल शहरात १९५९ साली ते दर आठवड्याला चर्चमध्ये विद्यार्थ्यांना जमवायचे. अर्धे विद्यार्थी आंदोलक, अर्धे गुंड. गुंड झालेल्यांनी शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ढकलून पाडायचं. पडलेल्याने डोकं कसं झाकायचं, मार खाणाऱ्या मित्राला स्वतःच्या अंगाने आडोसा कसा करायचा, समोरच्याच्या डोळ्यांत कसं बघत राहायचं, हे सगळं घोटून घेतलेलं. पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीचे नेते झालेले जॉन लुईस, डायान नॅश याच वर्गातले.

फेब्रुवारी १९६० मध्ये हीच पोरं दुकानांतल्या 'फक्त गोऱ्यांसाठी' असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसली. २७ तारखेला त्यांना खाली ओढून मारलं आणि अटकही त्यांनाच झाली, ८१ जणांना. दंड भरून सुटता येत होतं. त्यांनी तुरुंग निवडला. लॉसन यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकलं. १९ एप्रिलला आंदोलकांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला, त्याच दिवशी हजारोंचा मूक मोर्चा निघाला आणि महापौरांना सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं की हा भेदभाव चूक आहे. १० मेपासून काउंटर उघडले.

त्या दिवसांतला एक प्रसंग. लेदर जॅकेट घातलेला एक गोरा पोरगा लॉसनवर थुंकला. लॉसननी त्यालाच विचारलं, रुमाल आहे का? त्याने गोंधळून चक्क काढून दिला. यांनी तोंड पुसलं, रुमाल परत केला आणि विचारलं, मोटारसायकल आहे का तुझ्याकडे? मग दोघं गाडीवर बोलत बसले.

मी हे ऐकलं तेव्हा पॉज करून बसलो. १९७८ साली नामांतराच्या एका मोर्चात मी होतो. गच्चीवरून कोणीतरी शिवी घातली आणि माझा हात आपोआप खाली गेला, गिट्टीकडे. विचार वगैरे काही नव्हता. हात गेला, बस. शेजारच्या एका वयस्क बाईंनी मनगट धरलं नसतं तर काय झालं असतं, माहीत नाही. घोषणा आम्हाला तोंडपाठ होत्या, पण शिवी ऐकल्यावर हाताचं काय करायचं हे कोणी शिकवलं नव्हतं.

काही मित्र म्हणतील, मार खाण्याची तालीम कसली देता, आपले लोक काय कमी मार खातात? बरोबर आहे. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांची डोकी फुटली, आणि चवताळलेल्या लोकांना बाबासाहेबांनीच आवरलं. पण तिथे आवरायला बाबासाहेब होते. नॅशव्हिलच्या पोरांना त्या वेळी आवरायला कोणी नव्हतं, ते आधीच आवरून आले होते. आज मोर्चाच्या आदल्या रात्री आपण काय करतो? बॅनरचा फॉन्ट ठरवतो आणि लाइव्ह कोण करणार यावर भांडतो. मीही भांडलोय.

पुढे १९६८ मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपासाठी मार्टिन ल्यूथर किंगना लॉसननीच बोलावलं. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले होते, त्यावरून पेटलेला संप. ४ एप्रिलला किंग तिथेच मारले गेले. लॉसन त्यानंतरही दशकानुदशकं तेच शिकवत राहिले. पुढे व्हँडरबिल्टनेही त्यांना सन्मानाने शिकवायला बोलावलं.

आता एक काम. कोणाचे वडील, आजोबा १९५३ ते ५६ मध्ये हिस्लॉपला असतील, तर घरातले जुने ग्रुप फोटो काढून बघा, विशेषतः खेळाच्या टीमचे. त्यात एखादा तरुण अमेरिकन कोच दिसला तर खाली कमेंटमध्ये टाका. फोटो फाटका असला तरी चालेल.