आधी ‘काम काय करता’ ते विचारा

दम लागण्याच्या तपासण्यांवरच्या तुमच्या लेखात एक्स-रे, स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजायची तपासणी), ऑक्सिमीटर सगळं नीट आलंय. पण दम लागणाऱ्या पेशंटला आधी ‘काम काय करता?’ हे विचारायचं असतं, ते राहिलं. आमच्या सोलापुरात तर ते विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. पूर्व भागात चादर-टॉवेलचे माग, शेजारी विड्या वळणाऱ्या बायका. सुताची नाहीतर तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुफ्फुसाच्या आजाराची खूण म्हणजे साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती जास्त आवळते. एक्स-रे बऱ्याचदा साफ असतो, त्यामुळे फिल्म बघून ‘काही नाही’ म्हणून कसं चालेल?

आता इन्हेलर. माझ्या सासऱ्यांना पंप लिहून दिला, पण ओढायचा कसा ते कुणी दाखवलं नाही. तोंडात फुस्स केलं की लगेच खोकायचे, औषध सगळं जिभेवर. नंतर एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून समोर करून घेतलं: आधी श्वास पूर्ण सोडा, दाबलं की हळू ओढा, दहा आकडे मोजेपर्यंत धरा. स्टेरॉइडचा पंप असेल तर मग चूळ भरा. ओपीडीत गर्दी असते, मान्य. पण हे सिस्टरही दाखवू शकतात की!