मालकाचं उत्तर: 'आदल्या दिवशी सांगितलं' याबद्दल

नमस्कार सर, तुमच्या युरोप क्रूझबद्दलचा रिव्ह्यू वाचला. आई-बाबांना बंदरावरच्या चेक-इनवरून परत फिरावं लागलं, तुम्ही दोघंही मग चढला नाहीत, पूर्ण ट्रिप गेली. मनापासून सॉरी. त्यांच्या वयात असं व्हायला नको होतं.

पण सर, 'सिंगल एंट्री व्हिसा चालणार नाही हे एजंटने आदल्या दिवशी सांगितलं' असं जे लिहिलंय ना, ते नाही हो पटत. पासपोर्ट आले 9 सप्टेंबरला, जहाज 20 ला. 9 लाच संध्याकाळी मी चारही व्हिसांचे फोटो पाठवले, आई-बाबांच्या व्हिसावर एंट्रीच्या रकान्यात 01 होतं, म्हणजे एकदाच आत जाता येतं, त्याला लाल गोल करून. खाली लिहिलं होतं की हा या क्रूझला चालणार नाही, फोन करा. ब्लू टिक आली, तुमचा रिप्लाय पण आहे, 'साडूंना विचारून सांगतो'. आदल्या दिवशीचा फोन हा माझा तिसरा फोन होता सर.

साडू म्हणाले की वाटेतल्या कोटोर बंदराला जहाजातून खाली उतरायचंच नाही, मग काय प्रॉब्लेम. ते अनुभवी आहेत, मान्य, पण क्रूझ कंपनी पॅसेंजर उतरणार का नाही ते विचारत बसत नाही, जहाजाचा रूट बघते आणि चढायच्या आधीच व्हिसा तपासते. इटलीत उतरलात तेव्हाच एक एंट्री वापरली गेली. कोटोर माँटेनेग्रोत, म्हणजे शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर, आणि तिथून पुढे कॉर्फू म्हणजे ग्रीस, परत शेंगेन, ती झाली दुसरी एंट्री. गंमत म्हणजे माँटेनेग्रो वेगळा व्हिसा मागतही नाही, चालू शेंगेन व्हिसा असला की 30 दिवस चालतं, सगळी अडचण परत येताना आहे. 'दुब्रॉवनिक चालतं मग कोटोर का नाही' असंही तुम्ही विचारलंय. दुब्रॉवनिक क्रोएशियात आहे, आणि क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आलाय, माँटेनेग्रो नाही, एवढंच.

आणि व्हिसा सिंगल 'आम्ही काढला' नाही. चौघांच्याही फॉर्मवर मल्टिपलच, म्हणजे अनेक एंट्रीचाच व्हिसा मागितला होता, कव्हर लेटरमध्ये रूट दिला होता, कॉपी तुमच्या मेलवर आहे. द्यायचं काय ते वकिलात ठरवते. तुम्हा दोघांचे आधीचे शेंगेन होते, बहुतेक म्हणून तुम्हाला मल्टिपल मिळाला, आई-बाबांचा पहिलाच होता. अर्ज 6 महिने आधी करता येतो म्हणून मी एप्रिलपासून कागद मागत होतो, बाबांचं बँक स्टेटमेंट आलं जुलै संपताना, मग अपॉइंटमेंट 8 ऑगस्टची मिळाली. निर्णयाला साधारण 15 दिवस म्हणतात पण 45 पर्यंत जाऊ शकतात. लवकर झालं असतं तर दुसरा अर्ज टाकायला वेळ होता, नाहीतर फक्त इटली-ग्रीस-क्रोएशियावाली दुसरी क्रूझ होती, ती मी 10 तारखेला सुचवली पण होती. तुम्ही म्हणालात त्यात बाल्कनीची रूम नाही.

आता आमचं चुकलं ते. पहिल्या दिवशी दिलेल्या कागदावर नुसतं 'शेंगेन व्हिसा लागेल' असं होतं, मल्टिपल हा शब्द नव्हता, आणि कोटोर शेंगेनबाहेर आहे हे पण कुठे लिहिलेलं नव्हतं. ते आता बदलतोय, बंदरांसमोर काहीतरी खूण वगैरे करू.

चार माणसांचं ऑफिस आहे सर, तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोन फॅमिलींनी फोन करून 'तुम्ही शेवटच्या दिवशी सांगता का' असं विचारलं. वाईट वाटतं. सर्व्हिस चार्ज परत करतो असं मी तेव्हाच म्हणालो होतो, अजूनही करतो, अकाउंट नंबर तेवढा पाठवा. एक स्टार राहू दे, फक्त ते 'आदल्या दिवशी' तेवढं जमलं तर बदला.