यंत्र मिळालं, पुढे कोण बघणार?

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या वाद पेटलाय. तालुक्याला दिव्यांग मुलांसाठी साहित्य वाटप शिबिर झालं, त्याचे फोटो आले, आणि जि.प. शाळेत शिक्षक असलेला मावसभाऊ म्हणाला की यातली निम्मी श्रवणयंत्रं वर्षभरात कपाटात जातील. काका चिडले, काही दिलं तरी नावं ठेवता म्हणून. मग गाडी माझ्यावर, "तुमच्या अमेरिकेत बरंय, पैसा आहे."

आहे की. मी न्यू जर्सीत शाळांमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे आणि कपाटं इथेही आहेत हो! बोलता न येणाऱ्या मुलाला बोलणारं ॲप टाकलेला टॅबलेट मिळतो, ज्या टीचरला ते नीट जमत असतं ती जूनमध्ये नोकरी सोडते, सप्टेंबरला नवीन येते तिला कोणी शिकवलेलं नसतं, चार्जर सापडत नाही, वर्गातल्या नव्या मुलांची नावं ॲपमध्ये टाकायची राहून जातात, आणि दिवाळीपर्यंत ते मूल परत खाणाखुणांवर आलेलं असतं.

इथला विशेष शिक्षणाचा कायदा तसा चांगलाय. १९९७ पासून आयईपी, म्हणजे दिव्यांग मुलासाठी शाळेने लिहून केलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा, असलेल्या प्रत्येक मुलासाठी असिस्टिव्ह टेक्नॉलॉजी, म्हणजे असं मदतीचं साधन, लागेल का याचा विचार करावाच लागतो, आणि त्यात नुसतं डिव्हाइस नाही, सर्व्हिसही येते, म्हणजे तपासणी, दुरुस्ती, मुलाला, घरच्यांना, शिक्षकांना ट्रेनिंग. पण हे करणारा माणूस कोण, त्याला वेळ किती, टीम आहे का, ते ज्याच्या त्याच्या स्कूल डिस्ट्रिक्टवर, म्हणजे तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेवर. बऱ्याच ठिकाणी एकच बाई, स्वतःची थेरपीची मुलं सांभाळून पाच-सहा शाळा फिरणारी. आयटीवाल्यांना वाटतं ती स्पेशल एज्युकेशनची, तिकडच्यांना वाटतं आयटीची, आणि शाळेच्या फिल्टरने ॲप ब्लॉक केलं की दोघांच्या मधे ईमेल फिरत राहतात. जिथे डायरेक्टरने तिला ठरलेले तास, थोडं बजेट आणि आयटीतला एक हक्काचा माणूस दिलाय तिथेच हे चालतं.

याच क्षेत्रातल्या जॉय झबाला यांनी इथे साधन निवडायची सेट (SETT) नावाची पद्धत रुजवली. आधी मूल, मग त्याची जागा, मग त्याला करायचं काम, आणि साधन सगळ्यात शेवटी. आपल्या शिबिरात साधनच पहिलं आणि तेच शेवटचं. मूल वाढतं तसा श्रवणयंत्राचा कानातला मोल्ड बदलावा लागतो, नाहीतर शिट्टी वाजते आणि पोरगं ते काढून ठेवतं. यात त्याचा काय दोष?

म्हणून २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने दिव्यांग मुलांसाठीच्या विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली ते मला शिबिरापेक्षा मोठं वाटतं. पण एका केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक माणूस, त्यालाच ब्रेल, श्रवणयंत्र, ऑटिझम सगळं यायला पाहिजे, हे कसं जमणार? त्याच्या पाठीशी तालुक्याला फिजिओ, ऑडिओलॉजिस्ट, दुरुस्तीवाला असा कोणीतरी हवा, आणि फिरायला प्रवासभत्ता, वेळेवर. यावर मात्र ग्रुपवर कोणीच भांडत नाही.

काकांचं म्हणणं, आधी यंत्र तर मिळू दे. मिळू दे ना. फक्त पुढच्या शिबिरात एक टेबल आधी दिलेल्या यंत्रांसाठी लावा, बॅटरी, मोल्ड, दुरुस्ती, आणि विशेष शिक्षकाला त्या टेबलावर बसवा, पाहुण्यांच्या हारतुऱ्यांच्या मागे पळायला नको.