पावसात पाव, थंडीत नानकटाई

जून लागला की बेळगावात दोन तक्रारी हमखास कानावर येतात. 'नानकटाई दुसऱ्याच दिवशी सादळली, रेसिपीच खोटी होती' ही एक. 'धबधबा बघायला गेलो आणि निम्मा दिवस गाडीतच बसून काढला' ही दुसरी. माझ्या मते दोन्हींचं दुखणं एकच. भाजायचं ते परगावच्या व्हिडिओवर, फिरायचं ते रील बघून, आणि आपल्या गावची हवा मात्र कुणी जमेस धरत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. पश्चिमेला तासाभरात घाटाचं रान लागतं, पूर्वेला तेवढ्याच वेळात ज्वारीची काळी जमीन. जुलैत दिवसाही पंचविसाच्या आसपास तापमान आणि तीन-तीन दिवस न वाळणारे कपडे, डिसेंबरात कोरडी थंडी, एप्रिलात पस्तिशी ओलांडणारं ऊन आणि संध्याकाळी वळीव. अशा गावात बारा महिने एकच बिस्किट आणि एकच रस्ता कसा चालेल? (उंचीमुळे इथे केक बसतो असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. पाणी आपल्याकडे साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, तेवढ्याने केकची मापं बदलावी लागत नाहीत. बिघडवते ती दमट हवा.)

साखर हवेतलं पाणी ओढून घेते. बिस्किट, खारी, नानकटाई खुसखुशीत लागतात ती त्यांच्यातलं पाणी उडालेलं असतं म्हणून, आणि जुलैत तेच पाणी परत शिरतं. गरम बिस्किटं डब्यात भरली तर पावसाचीही गरज नाही, स्वतःच्याच वाफेने सादळतात. सादळलेली टाकून देऊ नयेत. १२० ते १३० अंशांवर सात-आठ मिनिटं ठेवावीत आणि जाळीवर पूर्ण गार करून मगच भरावीत. पण एवढी उस्तवार करण्यापेक्षा पावसात मुळातच मऊ असतं ते करावं. म्हणजे पाव.

मैदा ३०० ग्रॅम, दूध-पाणी मिळून १९५ मिली, इन्स्टंट यीस्ट सपाट दीड चहाचा चमचा, साखर १५ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, लोणी २५ ग्रॅम. पावसात मैद्याने आधीच ओल धरलेली असते, म्हणून १५-२० मिली पाणी मागे ठेवायचं आणि पाच मिनिटं मळल्यावर लागलं तरच घालायचं. दूध कोमट म्हणजे बोट आरामात ठेवता येईल इतकंच. कढत दुधात यीस्ट मरतं, आणि मग दोष पाकिटाला दिला जातो. सर्वांत जास्त पाव बिघडतात ते पुढच्या टप्प्यावर. पीठ हाताला चिकटतं, माणूस घाबरतो आणि वरून मूठभर मैदा टाकतो. तो पाव दगड होणारच. चिकटलं तरी दहा मिनिटं मळत राहा, मळणं अर्धं झाल्यावर लोणी घाला. चिमूटभर पीठ ताणल्यावर पडद्यासारखं पातळ झालं आणि फाटलं नाही की मळणं झालं.

आता फुगण्याबद्दल. 'एक तास झाकून ठेवा' हे वाक्य आपल्यासाठी नाही. मे महिन्यात तेच पीठ पाऊण तासात दुप्पट होतं, जुलैत दीड-दोन तासही लागतात. घाई असेल तर बंद ओव्हनमध्ये पिठाशेजारी कढत पाण्याचं भांडं ठेवा. घड्याळ बाजूला ठेवून पिठात बोट रोवून बघा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा, हळूहळू अर्धा भरला तर तयार, तसाच राहिला तर उशीर झाला. उशीर झालेल्या पावाला आंबूस वास येतो आणि भाजताना तो वर न येता पसरतो. साठ-साठ ग्रॅमचे नऊ गोळे, आठ इंची चौकोनी टिन, परत पाऊण तास फुगवणं, मग १९० अंशांवर अठरा-वीस मिनिटं. ओव्हन आधी पंधरा मिनिटं तापलेला हवा, नाहीतर वरून पांढरे आणि आतून कच्चे. बाहेर काढल्याबरोबर दुधाचा हात फिरवून सुती फडक्याने झाका.

असे पाव, लोणी आणि लसणाची चटणी घेऊन गोकाक गाठा. अंतर साठेक किलोमीटर. घटप्रभा नदी तिथे ५२ मीटर खाली कोसळते, आणि पाणी असं लाल-मातकट की चहाच वाटावा. एक गोष्ट बरेच जण चुकवतात. गोकाक हा कोरडा मुलूख, तिथे पाऊस आहे का हे विचारून काहीच कळत नाही. आंबोलीच्या डोंगरातली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते, आणि खुद्द घटप्रभेवर वर हिडकलचं धरण आहे. तेव्हा चौकशी करायची ती आंबोली-आजऱ्याला किती झोडपलंय याची आणि हिडकलमधून पाणी सोडलंय का याची. दोन्ही 'हो' असेल तर गोकाकात लख्ख ऊन असलं तरी निघा. मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकीचा धबधबाही त्याच दिवसात होतो.

जांबोटी-कणकुंबी-चोर्ला हा घाटरस्ता देखणा आहे, वाद नाही. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, माउलीचं देऊळ आहे. पण भर जुलैतल्या रविवारी तिकडे जाणं म्हणजे गाड्यांच्या मागच्या लाल दिव्यांचं दर्शन. धुकं, अवजड ट्रक, वर निसरडी वळणं. जंगलातल्या धबधब्यांवर पावसाळ्यात वनखात्याची मनाई असू शकते, ती विचारूनच निघावं. कॅसलरॉकहून रुळांवरून दूधसागरला चालत जाणं रेल्वेला चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. माझं ऐकाल तर हा रस्ता सप्टेंबरच्या शेवटी, आठवड्यातल्या मधल्या दिवशी धरा. पाऊस ओसरलेला, हिरवं तसंच, आणि खानापूरच्या बाजूला भात पोटरीला आलेलं. आणि घाटात क्रीमचा केक नेऊ नका. तिसऱ्या वळणाला तो झाकणाला चिकटतो.

थंडी सुरू झाली की मग नानकटाई. दिवाळीआधी ट्रे भरून पीठ बेकरीच्या भट्टीवर भाजायला नेण्याची रीत होती, ती ओव्हन घरात आल्यावर मागे पडली. मैदा १५० ग्रॅम, बेसन ३०, बारीक रवा २०, पिठीसाखर १००, तूप ११०, सोडा पाव चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची. तूप थिजलेलं पण मऊ असावं. पातळ करून घातलं तर नानकटाई ट्रेवर पसरून भाकरी होते. तूप-साखर पांढरं हलकं होईपर्यंत फेटा, कारण भेगा पडतात आणि हलकेपणा येतो तो निम्मा इथे. पीठ चाळून घाला, गोळा झाला की थांबा, कणकेसारखं मळू नका. डिसेंबरात तूप इतकं घट्ट होतं की गोळा वळताना फुटतो. तेव्हा चमचाभर तूप आणखी घाला, दूध नको. दुधाने गोळा वळतो खरा, पण नानकटाई कडक होते. वीस ग्रॅमचे वीसेक गोळे, अर्धा तास विसावा, १६५ अंशांवर सोळा ते अठरा मिनिटं. बाहेर काढताना मऊच लागणार. बोटाने दाबून 'अजून कच्ची आहे' म्हणत परत आत ढकलली की बेसन करपलंच म्हणून समजा. तळाला फिकट बदामी रंग आला म्हणजे झाली.

ओव्हन नाही म्हणून अडू नये. ज्या गावात उपड्या कढईवर मांडे भाजले जातात त्या गावाने ही सबब सांगू नये. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात किलोभर जाडं मीठ पसरा, वर तिवई, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग ताटली आत ठेवून आच मंद करा. नानकटाईला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. वरून रंग कमी येतो, चवीत फरक नाही. रोजचा कुकर मात्र यासाठी वापरू नका. कोरडा तापून तो आणि त्याची रिंग, दोन्ही जातात.

याच दिवसांत रताळी स्वस्त होतात, आणि आपल्या भागाची रताळी लांबलांब जातात. त्यांचा केक इथे घरोघरी का होत नाही, हे मला कोडंच आहे. रताळी पाण्यात उकडून घेतली तर पाणी धरतात आणि केक मध्ये चिकट राहतो. भाजून किंवा वाफवून घ्या. गर २०० ग्रॅम, कणीक १५०, गूळ १२०, तेल ७५ मिली, दही १००, बेकिंग पावडर एक चहाचा चमचा, सोडा अर्धा, सुंठ. गूळ दोन चमचे पाण्यात विरघळवून गाळूनच घ्या, खडे दातांखाली येतात. सात इंची टिन, १७० अंश, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. गुळामुळे वरचा भाग लवकर काळवंडतो, पंचवीस मिनिटांनी फॉइल झाका. हा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, म्हणून शनिवारी भाजून रविवारी नेण्याला उत्तम.

न्यायचा कुठे? हलशीला. कदंबांच्या काळातलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ, खानापुराहून फार लांब नाही, आणि थंडीतल्या सकाळी तिथल्या दगडावर ऊन असतं. ज्यांना निम्माच दिवस आहे त्यांनी येळ्ळूरचा राजहंसगड सूर्योदयाला. पूर्वेकडे कित्तूरचा किल्ला. सौंदत्तीच्या बाजूला जायचं तर मार्गशीर्ष आणि माघातल्या पौर्णिमा टाळा. यल्लम्माच्या यात्रेला जाणारे भाविक असतात त्या दिवशी रस्त्यावर, आपण मध्ये गाडी घालून काय मिळवणार?

उन्हाळ्यात खारीसारखे पदरांचे प्रकार करू नयेत, लोणी पदरात राहतच नाही, पिठात मुरतं. तेव्हा टोस्ट. उरलेल्या पावाचे किंवा साध्या केकचे बोटभर जाड काप करून १३० अंशांवर पाऊण तास, मध्ये एकदा उलटून. प्रवासात उन्हाने बिघडत नाही, गाडीत वितळत नाही. भाजायचं ते सकाळी आठच्या आत, कारण दुपारी स्वयंपाकघर तापतं आणि चारनंतर वळिवाच्या गडगडाटात करंट जाण्याची खात्री. केक आत असताना करंट गेलं तर दार उघडू नका. दहा मिनिटांत आलं तर वाचतो, अर्धा तास गेला तर मध्ये बसतोच, मग त्याचे काप करून टोस्टच करावेत. टोस्ट आत असताना करंट गेलं तर मात्र काही होत नाही. दार न उघडता तसाच आत राहू द्या, आल्यावर पुढची वीस मिनिटं द्या. डबा मात्र मृगाच्या आधी संपवा, नंतर तोही सादळतो.