हेडफोनवरचा प्रीसेट बँडमध्ये टिकत नाही

गिटार प्रोसेसरच्या (अ‍ॅम्प आणि इफेक्ट्सचे आवाज देणारं यंत्र) प्रीसेटवर, म्हणजे साठवून ठेवलेल्या सेटिंगवर, आलेल्या लेखातलं ‘हेडफोनवर प्रीसेट नीट बसवला की तोच बँडमध्येही चालतो’ हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. घरी आपण हळू आवाजात वाजवतो. कमी आवाजात कानाला बास (खालच्या फ्रिक्वेन्सी) आणि ट्रेबल (वरच्या) दोन्ही कमी ऐकू येतात (फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय), म्हणून आपण नकळत ते वाढवतो आणि मिड्स (मधल्या फ्रिक्वेन्सी) खाली ओढतो. एकट्याने ऐकताना भारी वाटतं. ड्रम्स आणि बास गिटार सुरू झाले की गिटार गायब! खाली किक ड्रम आणि बास गिटार, वर सिंबल. गिटारला उरते ती मधली जागा, आणि नेमकी तीच आपण कापलेली असते. मी तर प्रीसेट सगळे वाजवत असतानाच बसवतो: साधारण १०० हर्ट्झच्या खालचं आणि ६ किलोहर्ट्झच्या वरचं कापायचं, गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) आणि रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं) घरच्यापेक्षा बरेच कमी.

आणि लेखात पार राहून गेलेली गोष्ट म्हणजे कॅब सिम्युलेशन, म्हणजे गिटारच्या स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल. प्रोसेसर गिटार अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स रिटर्नला (थेट पॉवर अ‍ॅम्पकडे जाणारं इनपुट) लावणार असाल तर ते बंद करा, नाहीतर एकावर एक दोन कॅबिनेट होऊन आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. मिक्सरला थेट जाणाऱ्या आउटपुटवर मात्र ते चालूच हवं. सोलोला गेन वाढवून उपयोग नाही, त्याने आवाज नुसता दाबला जातो. इफेक्ट्सच्या साखळीच्या शेवटी ३-४ डेसिबलचा बूस्ट फूटस्विचवर ठेवा.